कॅनडातील ‘असले तरी’ कलम आणि ओटावाचा गंजलेला अधिकार

कॅनडातील आल्बर्टा प्रांताच्या विधानसभेने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, एक विधेयक घाईघाईने संमत केले. प्रांतातील सुमारे ५१ हजार शिक्षक ६ ऑक्टोबरपासून संपावर होते. वर्गांतून कोंबली जाणारी मुले आणि महागाईच्या मानाने मागे पडलेले वेतन, या त्यांच्या दोन मुख्य तक्रारी. नव्या कायद्याने हा संप मोडून काढला. शिक्षकांनी प्रचंड बहुमताने फेटाळलेला करार ३१ ऑगस्ट २०२८ पर्यंत त्यांच्यावर बंधनकारक केला. आणि हुकूम मोडील त्या शिक्षकाला दिवसाला ५०० डॉलर, तर त्यांच्या संघटनेला दिवसाला ५ लाख डॉलर दंडाची तरतूद केली. संप मोडणारे कायदे जगाला नवीन नाहीत, आणि आपल्याकडील शिक्षकांना व सरकारी कर्मचाऱ्यांना तर ते मुळीच अपरिचित नाहीत. लक्ष वेधून घेणारे होते ते त्यातील एक कलम. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेत काहीही अंतर्भूत असले तरी हा कायदा अंमलात राहील, असे त्या कलमाने जाहीर केले.

सरकारी कचेरीत अधिनियमांशी ज्याचा रोजचा संबंध येतो त्याला ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ ही शब्दरचना तोंडपाठ असते. एका कायद्याने दुसऱ्या कायद्यावर मात करावयाची असते तेव्हा ती योजली जाते आणि तीत वावगे काही नाही. परंतु कॅनडात हीच शब्दरचना राज्यघटनेतील मूलभूत हक्कांवर मात करण्यासाठी योजता येते, आणि तीही घटनेच्याच परवानगीने. संपाचा हक्क हा संघटनास्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला होता. आल्बर्टाच्या सरकारला तो निर्णय खोडून काढण्याची गरजच पडली नाही. त्याला वळसा घालून पुढे जाणे पुरेसे होते.

अशा वेळी नागरिकाने दाद कोठे मागावी? न्यायालयाचे दार जवळजवळ लावून घेतलेले. प्रांताच्या विधानसभेत तर बहुमतानेच हा कायदा केलेला. साहजिकच नजर वळते ती ओटावातील केंद्र सरकारकडे. १८६७ च्या घटनेने केंद्राला एक असाधारण अधिकार दिलेला आहे : प्रांताने रीतसर संमत केलेला कायदा, त्याची प्रत गव्हर्नर जनरलकडे पोहोचल्यापासून वर्षभराच्या आत, केंद्रीय मंत्रिमंडळ नामंजूर करू शकते. त्यासाठी न्यायालयाचा निर्णय लागत नाही, पार्लमेंटचा ठरावही लागत नाही. हा अधिकार १९४३ नंतर एकदाही वापरला गेलेला नाही. पण तो घटनेतून काढूनही टाकलेला नाही. एखादा प्रांत हक्कांना वळसा घालतो तेव्हा तेव्हा हे जुने शस्त्र बाहेर काढा अशी मागणी ऐकू येते. मागणी मनाला चटकन पटते. तथापि या शस्त्राने पूर्वी कोणाचे रक्षण केले आणि कोणाला वाऱ्यावर सोडले हे पाहिल्यावाचून तिच्याविषयी मत बनवणे धोक्याचे आहे.

तडजोडीचे अपत्य

मुळात हे ‘असले तरी’ कलम आले कोठून? १९८१ साली पंतप्रधान पिएर ट्रुडो यांना देशाची राज्यघटना लंडनच्या पार्लमेंटच्या ताब्यातून सोडवून मायदेशी आणावयाची होती आणि तीत हक्कांची सनद बसवावयाची होती. दहापैकी आठ प्रांतांनी विरोध केला. विरोधाची कारणे मात्र एका जातीची नव्हती. मॅनिटोबाचे पुराणमतवादी मुख्यमंत्री स्टर्लिंग लायन यांना विधिमंडळाच्या सार्वभौमत्वाची ब्रिटिश परंपरा न्यायाधीशांच्या स्वाधीन करणे नको होते. सस्काचेवानचे समाजवादी मुख्यमंत्री ॲलन ब्लेकनी यांना भय होते की, हक्कांचा आधार घेऊन न्यायालये लोककल्याणाचे कायदे मोडीत काढतील. भारतात बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला होता, हे स्मरले म्हणजे ब्लेकनींची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही.

नोव्हेंबर १९८१ च्या पहिल्या आठवड्यात ओटावातील परिषदगृहाच्या स्वयंपाकघरात जाँ क्रेतियाँ, रॉय रोमानो आणि रॉय मॅकमर्ट्री या तिघांनी तडजोडीचा आराखडा कागदावर उतरवला. सनद घ्या, पण तिच्यातील काही हक्क बाजूला ठेवण्याची मुभा विधिमंडळांना द्या, असा तो सौदा होता. क्वेबेकचे मुख्यमंत्री रने लेव्हेक त्या रात्री नदीपलीकडच्या हॉटेलात झोपले होते; सकाळी त्यांना कळले ते आपल्यावाचून सारे ठरल्याचे. क्वेबेकने त्या घटनेवर अद्याप संमतीची मोहोर उमटवलेली नाही. ‘असले तरी’ कलमाचा सर्वाधिक सढळ वापर पुढे याच प्रांताने केला, ही इतिहासाची एक गंमतच.

१७ एप्रिल १९८२ रोजी अंमलात आलेल्या सनदेचे ३३ वे कलम असे आहे : धर्म, विचार, भाषण, सभा व संघटना यांची स्वातंत्र्ये, अटकेतील व खटल्यातील संरक्षणे आणि समतेचा हक्क यांना बाजूस सारून कायदा चालू राहील असे विधिमंडळ स्पष्टपणे घोषित करू शकते. घोषणेची मुदत पाच वर्षे. पण ती पुन्हा पुन्हा वाढवता येते. मतदानाचा हक्क, देशभर संचार करण्याचा हक्क आणि भाषिक हक्क मात्र या तावडीतून सुटलेले आहेत. पाच वर्षांचा आकडा सहज आलेला नाही. कोणत्याही विधिमंडळाचे आयुष्य त्याहून अधिक असू शकत नाही, म्हणून मुदतवाढीपूर्वी एकदा तरी मतदारांसमोर जावे लागेल, असा हिशेब त्यामागे होता.

हे कलम क्वचित, आणि तेही न्यायालयाने निर्णय दिल्यानंतर अखेरचा उपाय म्हणून वापरले जाईल, अशी सर्वसाधारण समजूत होती. आल्बर्टाचे त्या वेळचे मुख्यमंत्री पीटर लाहीड हे या कलमाचे एक शिल्पकार. न्यायालय बोलण्याआधीच त्याचा वापर करणे गैर आहे, असे पुढे त्यांनीच आग्रहाने सांगितले. पण हे कलमाच्या शब्दांत कोठेच लिहिलेले नव्हते. क्वेबेकने १९८२ सालीच आपल्या जुन्या सर्व कायद्यांना एका फटक्यात हे कवच चढवले. दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्ये हव्यात या नियमाविषयी १९८८ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कलमातील औपचारिक अट पाळली की पुरे. विधिमंडळाने कारणे देण्याची गरज नाही. मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी त्याच महिन्यात ‘असले तरी’ लावून पाट्यांचा नवा कायदा केला.

क्वेबेकबाहेर मात्र बराच काळ लोकलज्जा आड येत होती. १९९८ साली आल्बर्टाच्या सरकारने सक्तीच्या नसबंदीला बळी पडलेल्या लोकांची भरपाई मर्यादित करण्यासाठी हे कलम वापरण्याचे विधेयक आणले. लोकांत असा संताप उसळला की ते तातडीने मागे घ्यावे लागले. २०१८ नंतर ही लाज उरली नाही. ऑन्टारिओ, सस्काचेवान, आल्बर्टा या प्रांतांनी निवडणूक-प्रचाराचा खर्च, शाळकरी मुलांनी कोणते नाव-सर्वनाम लावावे, शिक्षकांचा संप अशा नाना विषयांत कलम ३३ चा आधार घेतला, आणि बहुतेक वेळा न्यायालयाचा निर्णय येण्याची वाटही पाहिली नाही.

सर्वांत गाजला तो क्वेबेकचा १६ जून २०१९ रोजी संमत झालेला धर्मनिरपेक्षतेचा कायदा. सार्वजनिक शाळांतील शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांनी कामावर असताना धर्मचिन्ह धारण करू नये, अशी त्याची आज्ञा आहे. मुस्लिम शिक्षिकेचा हिजाब, शिखाची पगडी, ज्यूची टोपी, सारे त्यात आले. आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्यांच्या त्याच पदापुरती सवलत मिळाली. बदली वा बढती झाली की ती संपली. २०२१ च्या डिसेंबरात एका शिक्षिकेला हिजाबमुळे वर्गावरून काढून दुसरे काम देण्यात आले, तेव्हा त्या शाळेतील मुलांच्या पालकांनी हिरव्या फिती बांधून निषेध केला. ती शाळा केंद्रीय पार्लमेंटच्या इमारतीपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आतल्या अंतरावर आहे. वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशांनी २०२१ साली या कायद्याने हक्कांवर गंभीर घाला येतो असे मान्य केले आणि तरीही, कलम ३३ मुळे हात बांधलेले असल्याने, त्याचा बहुतांश भाग कायम ठेवला. २०२४ साली घोषणेची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढवण्यात आली.

बँका वाचल्या, घरे नाही

आता केंद्राच्या त्या जुन्या अधिकाराकडे वळावे. १८६७ ते १९४३ या काळात ११२ प्रांतिक कायदे नामंजूर झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक एकोणिसाव्या शतकातले. पहिले पंतप्रधान जॉन मॅक्डोनाल्ड यांना प्रांत म्हणजे फुगवलेल्या नगरपालिकांहून फारसे वेगळे वाटत नसत, आणि साम्राज्यसरकार वसाहतींशी जसे वागे तसेच ओटावाने प्रांतांशी वागावे अशी त्यांची धारणा होती. १८८० च्या दशकात मॅनिटोबाने आपल्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र रेल्वेमार्गांना परवाने दिले. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला दिलेली मक्तेदारी जपण्यासाठी ओटावाने ते कायदे एकामागून एक नामंजूर केले. येथे नागरिकांच्या हक्काचा प्रश्नच नव्हता. होता तो एका कंपनीच्या भाड्याचा.

ब्रिटिश कोलंबियाची कथा अधिक बोलकी आहे. चिनी व जपानी लोकांना येण्यापासून रोखणारे कायदे त्या प्रांताने वारंवार केले आणि केंद्राने ते वारंवार नामंजूर केले. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, हा अल्पसंख्याकांचा कैवार. पण ज्या काळात हे चालले होते त्याच काळात, १८८५ साली, ओटावानेच चिनी माणसावर ५० डॉलरचा डोईपट्टी कर बसवला आणि १९०३ साली तो ५०० डॉलरवर नेला. १९२३ साली तर चिन्यांना दार जवळजवळ बंदच करून टाकले. परदेशी लोकांच्या प्रवेशाचे नियमन हे आपले क्षेत्र, त्यात प्रांताने ढवळाढवळ करू नये, आणि जपानशी असलेले साम्राज्याचे संबंध बिघडू नयेत, इतकाच केंद्राच्या आग्रहाचा अर्थ होता. १९०७ साली त्याच प्रांताने हिंदुस्थानातून आलेल्या लोकांचा मताधिकार काढून घेतला. तो कायदा नामंजूर झाला नाही. लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या त्या पंजाबी मजुरांना व त्यांच्या मुलांना मतदानासाठी १९४७ पर्यंत थांबावे लागले. व्हँकुव्हरच्या बंदरातून ‘कोमागाटा मारू’ जहाज १९१४ साली परत पाठवले गेले, ते तर केंद्राच्याच नियमांखाली.

परंतु या अधिकाराची खरी कसोटी लागली ती १९३७-३८ साली, आणि तीही दोन प्रांतांत एकाच वेळी. आल्बर्टात विल्यम ॲबरहार्ट या धर्मोपदेशक मुख्यमंत्र्याचे सरकार होते. मंदीने नागवलेल्या शेतकऱ्यांना दरमहा सरकारी ‘पत’ वाटण्याचे वचन देऊन ते निवडून आले होते. त्यांनी बँकांना परवान्याच्या दाव्याने बांधणारे आणि बँकांच्या नोकरांना न्यायालयात जाण्यास मज्जाव करणारे कायदे केले. ऑगस्ट १९३७ मध्ये, संमत होऊन पुरते दोन आठवडे झाले नाहीत तोच, पंतप्रधान मॅकेंझी किंग यांच्या सरकारने तिन्ही कायदे नामंजूर केले.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये क्वेबेकात मोरीस दुप्लेसी यांच्या सरकारने ‘कुलूप कायदा’ म्हणून कुप्रसिद्ध झालेला कायदा केला होता. साम्यवादाच्या प्रचारासाठी वापरले जाते असा संशय असलेल्या कोणत्याही घराला प्रांताचे ॲटर्नी जनरल, म्हणजे स्वतः दुप्लेसीच, वर्षभर कुलूप ठोकू शकत. खटला नाही, पुरावा नाही. आणि साम्यवाद म्हणजे काय याची व्याख्याही कायद्यात नव्हती. कामगार संघटना, प्राध्यापक, नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीतील मंडळी यांनी नामंजुरीसाठी अर्ज-विनंत्या केल्या. केंद्रीय न्यायमंत्री एर्नेस्त लापॉइंत हे स्वतः क्वेबेकचे, आणि किंग यांच्या पक्षाचे बहुमत क्वेबेकच्या जागांवर उभे. जुलै १९३८ मध्ये लापॉइंत यांनी जाहीर केले की, हा कायदा नामंजूर केला जाणार नाही. माँट्रियलमधल्या एका भाडेकरूच्या घराला लागलेल्या कुलपाचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ साली तो कायदा घटनाबाह्य ठरला. म्हणजे बँकांना संरक्षण मिळण्यास दोन आठवडेही लागले नाहीत; घरांना वीस वर्षे लागली, आणि तेही दिले ते न्यायालयाने.

यात किंग यांना दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. कोणतेही मंत्रिमंडळ असे वागले असते. ज्याच्या हाती मते आहेत त्याचा कायदा नामंजूर करणे अवघड आणि ज्याच्या हाती फारशी मते नाहीत त्याचा सोपा, हे मंत्रिमंडळाच्या प्रकृतीतच आहे. आल्बर्टाची लोकसंख्या विरळ होती. क्वेबेक रुसले असते तर सरकार गडगडले असते.

शेवटची नामंजुरी १९४३ सालची. युद्धकाळात शत्रुराष्ट्रीय व हटेराइट या पंथाच्या लोकांना जमीन विकण्यास बंदी करणारा आल्बर्टाचा कायदा केंद्राने रद्द केला. हटेराइट हे सामुदायिक शेती करणारे, शस्त्र न धरणारे, निरुपद्रवी लोक. या एका प्रसंगी तरी अधिकार योग्य ठिकाणी वापरला गेला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पुढे काय झाले? शत्रुराष्ट्रीय नागरिक हा केंद्राचा विषय, म्हणून ते शब्द गाळून आल्बर्टाने लगोलग १९४४ साली हटेराइटांपुरता कायदा पुन्हा केला, १९४७ साली त्याला कायमचे रूप दिले आणि तो १९७३ पर्यंत टिकला. आणि ज्या केंद्र सरकारने १९४३ साली ही नामंजुरी दिली, त्यानेच आदल्या वर्षी ब्रिटिश कोलंबियातील सुमारे २२ हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत धाडले होते. त्यांतील बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते.

मृत की निद्रिस्त?

यानंतर अधिकार वापरातून गेला. क्वेबेकच्या १९७७ च्या भाषाविषयक कायद्याविरुद्ध नामंजुरीची मागणी झाली, ती ट्रुडो यांनी मानली नाही. १९८८ चा पाट्यांचा कायदा ब्रायन मलरोनी यांना इतका झोंबला की, ज्या घटनेत ‘असले तरी’ कलम आहे तिची किंमत कागदाइतकीही नाही असे ते कडवटपणे म्हणाले; पण नामंजुरीचा विचार त्यांनीही केला नाही. नामंजुरी कायद्याने शक्य असली तरी व्यवहारात ती लोपली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या आपल्या प्रसिद्ध अभिमतात नमूद केले. १९९२ च्या घटनादुरुस्तीच्या मसुद्यात हा अधिकार काढून टाकण्याचे ठरले होते. सार्वमतात तो सगळा मसुदाच फेटाळला गेला आणि अधिकार राहिला.

आता प्रश्न असा की, सनदेचा भंग उघडपणे होत असताना हे निद्रिस्त कलम जागे करावे काय? बाजूने सांगितले जाणारे कारण दुर्बळ नाही. घटनाकारांनी १९८२ साली हा अधिकार जाणूनबुजून ठेवला. ‘असले तरी’ हा घटनेचा शब्द असेल तर ‘नामंजूर’ हाही घटनेचाच शब्द आहे. आणि न्यायालयाला वाट बंद झाली असेल तर कोणीतरी वाट उघडी ठेवली पाहिजे. शिवाय, मतदार पाच वर्षांनी हिशेब मागतील या युक्तिवादाचा हिजाब घालणाऱ्या शिक्षिकेला काय उपयोग? ज्या बहुमताने कायदा केला त्याच बहुमताकडे तिने दाद मागावी असा त्याचा अर्थ होतो. क्वेबेकात तो कायदा लोकप्रिय आहे. २०२२ च्या निवडणुकीत तो करणारा पक्ष आणखी मोठ्या बहुमताने परत आला.

हे सारे मान्य करूनही नामंजुरीचा मार्ग चुकीचा म्हणावा लागतो. एका बहुमताच्या हातून हक्क सोडवून तो दुसऱ्या बहुमताच्या हाती देणे, यापलीकडे त्यात काही घडत नाही. कलम ३३ प्रांतांप्रमाणे केंद्रीय पार्लमेंटलाही खुले आहे. २०२५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत विरोधी पक्षाचे नेते पिएर पॉलिएव्ह यांनी शिक्षेच्या एका प्रश्नावर ते वापरण्याचे आश्वासन उघडपणे दिले होते. ते निवडून आले असते तर प्रांतांचे कायदे नामंजूर करण्याचा अधिकार कोणाकडे असता? आणि क्वेबेकचा कायदा ओटावाने एका आदेशाने पुसून टाकला असता तर दुसऱ्या दिवसापासून वाद शिक्षिकेच्या हिजाबाचा राहिला नसता, तो क्वेबेकच्या स्वाभिमानाचा झाला असता. १९८१ च्या त्या रात्रीची आठवण जेथे अजून ठसठसते तेथे नामंजुरीने त्या शिक्षिकेला वर्ग परत मिळाला नसता. तिच्यावरचा रोष मात्र वाढला असता.

भारतीय घटनाकारांसमोर कॅनडाचे उदाहरण होते. के. सी. व्हिअर यांनी कॅनडाच्या घटनेला अर्धसंघराज्यात्मक म्हटले ते मुख्यतः नामंजुरीच्या अधिकारामुळे, आणि हेच विशेषण त्यांनी पुढे भारतालाही लावले. राज्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी राखून ठेवण्याची तरतूद भारताने कलम २०० व २०१ मध्ये घेतली. अंमलात आलेला कायदा केंद्राने मागाहून नामंजूर करण्याची तरतूद मात्र घेतली नाही. ‘असले तरी’ची भारतीय आवृत्ती म्हणजे १९५१ चे नववे परिशिष्ट. जमीनसुधारणेच्या १३ कायद्यांपासून सुरू झालेल्या त्या यादीने पुढे २८४ चा आकडा गाठला. फरक असा की, या परिशिष्टात एखादे राज्य आपला कायदा स्वतः घालू शकत नाही, त्यासाठी संसदेने घटनादुरुस्ती करावी लागते. आणि २४ एप्रिल १९७३ नंतर घातलेला कायदा घटनेच्या मूलभूत चौकटीस धक्का देतो की नाही हे न्यायालय तपासू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कोएल्हो प्रकरणात ठरवले. कॅनडात प्रांताला साधे बहुमत पुरते, कधी कधी एका रात्रीचे.

प्रांतांना आवर घालणारी एक शक्ती मात्र ओटावाबाहेर दिसून आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑन्टारिओच्या सरकारने शाळांतील सुमारे ५५ हजार कर्मचाऱ्यांवर, म्हणजे सफाई कामगार, वर्गमदतनीस, शालेय कारकून यांच्यावर, करार लादणारा कायदा ‘असले तरी’ जोडून संमत केला. मोडणाऱ्यास दिवसाला ४ हजार डॉलर दंड. कर्मचारी दंडाची पर्वा न करता दुसऱ्याच दिवशी बाहेर पडले. निवडणुकीत त्याच मुख्यमंत्र्यांना पाठिंबा देणाऱ्या संघटनाही त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि व्यापक संपाची चिन्हे दिसताच मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी कायदा मागे घेतला. तो कधी झालाच नव्हता असे समजावे, असा कायदाही विधानसभेने पंधरवड्याच्या आत केला. आल्बर्टात तीन वर्षांनी असे घडले नाही. ५१ हजार शिक्षक वर्गांवर परतले. संघटित लोक कधी जिंकतात, कधी हरतात. असंघटित अल्पसंख्याकाला तेवढीही संधी नसते.

म्हणूनच केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये निवडलेली वाट अधिक विचारपूर्वक दिसते. क्वेबेकच्या कायद्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या जानेवारीत दाखल करून घेतले होते. मार्क कार्नी यांच्या सरकारने त्यात आपले लेखी म्हणणे मांडले : कलम ३३ चा वापर तात्पुरता असावा हे त्याच्या मुदतीतच गृहीत आहे, पुन्हा पुन्हा मुदत वाढवून एखादा हक्क कायमचा निकामी करणे म्हणजे घटनेत मागच्या दाराने दुरुस्ती करणे होय. केंद्राने येथे प्रांतांचा धनी म्हणून हुकूम सोडला नाही. एक पक्षकार म्हणून युक्तिवाद केला. तेवढ्यानेही पाच प्रांतांचे मुख्यमंत्री बिथरले आणि हे म्हणणे मागे घ्यावे असे पत्र त्यांनी पंतप्रधानांना धाडले. एका युक्तिवादाने ही स्थिती, तर नामंजुरीने काय झाले असते?

सस्काचेवानच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच दिशेने एक पाऊल टाकले होते. ‘असले तरी’ लावलेला कायदा रद्द करता येत नसला तरी त्याने हक्कभंग होतो की नाही हे न्यायालय सांगू शकते, असे त्याने बहुमताने म्हटले. अशा घोषणेने कोणाला नोकरी परत मिळत नाही. पण मुदतवाढीचा ठराव विधिमंडळासमोर येईल तेव्हा, कोणाचा कोणता हक्क आपण हिरावून घेत आहोत हे सभासदांना माहीत असेल, आणि ते मतदारांनाही माहीत असेल. लाहीड यांची सूचना याच्याही पुढे जाते : आधी न्यायालयाने बोलावे, मग विधिमंडळाने हवे तर ‘असले तरी’ म्हणावे, आणि तेही साध्या बहुमताने नव्हे. ही दुरुस्ती घटनेत करणे कठीण आहे. पण स्वतःच्या विधानसभेच्या नियमांत ती करण्यास कोणत्याही प्रांताला कोणाची आडकाठी नाही. आजवर एकाही प्रांताने ती केलेली नाही.

आल्बर्टाच्या शिक्षकांना मात्र पाच वर्षांच्या मुदतीचाही लाभ नाही. त्यांच्यावर लादलेला करार ३१ ऑगस्ट २०२८ रोजी संपतो, आणि घोषणेची मुदत संपते ऑक्टोबर २०३० मध्ये. ज्या फेरविचाराच्या भरवशावर ब्लेकनी आणि लाहीड यांनी १९८१ साली हे कलम स्वीकारले, तो फेरविचार येथे होणारच नाही; कारण तोवर वाढवण्यासारखे काही उरलेले नसेल.